सीटी एक सांगतो, एमआरआय दुसरंच: दोन स्कॅन एकमेकांवर बसवतात कसे?

एकाच माणसाच्या डोक्याचा सीटी स्कॅन आणि एमआरआय शेजारी शेजारी ठेवले, तर ते एकाच माणसाचे आहेत हे सांगावं लागतं. सीटीत कवटी पांढरीशुभ्र आणि आतला मेंदू जवळपास एकसारखा करडा. एमआरआयमध्ये तेच कवटीचं टणक हाड काळं, आणि मेंदूच्या घड्या, पोकळ्या, गाठ असेल तर तिची कडा हे सगळं बारकाईनं उमटलेलं. डॉक्टरांना मात्र दोन्ही एकाच वेळी हवे असतात. गाठ कुठवर पसरली आहे हे एमआरआय चांगलं सांगतो. रेडिएशनचा डोस आत कसा पोचेल याचं गणित सीटीवर होतं, कारण शरीराच्या कुठल्या भागात किरण किती अडतात हे सीटीच्या आकड्यांतून कळतं. म्हणून एमआरआयवर आखलेली गाठीची हद्द उचलून सीटीवर ठेवावी लागते. ती ठेवताना तीन-चार मिलिमीटर इकडचं तिकडं झालं, तर गाठीची एक कड उपचाराबाहेर राहू शकते आणि शेजारची दृष्टीची नस विनाकारण किरणांखाली येऊ शकते.

दोन वेगळ्या यंत्रांवर काढलेली चित्रं एकमेकांवर अशी बसवायची, की एकातला प्रत्येक ठिपका दुसऱ्यातल्या त्याच जागेवर यावा, या कामाला तंत्राच्या भाषेत इमेज रजिस्ट्रेशन म्हणतात. आपल्याकडे रजिस्ट्रेशन म्हटलं की सब-रजिस्ट्रार ऑफिस आणि स्टॅम्प पेपर आठवतो, म्हणून या लेखात आपण साधं 'जुळणी' म्हणू. गेल्या आठ-दहा वर्षांत हे काम डीप लर्निंगच्या हाती जाऊ लागलं आहे. त्यात नेमकं काय बदललं आणि काय अजून तसंच आहे, ते बघू.

जमिनीची मोजणी पाहिलेल्यांना कल्पना लगेच येईल. जुना मोजणीचा नकाशा उपग्रहावरून घेतलेल्या फोटोवर बसवायचा झाला, तर दोन्हींत ओळखू येणाऱ्या खुणा शोधतात: हद्दीचा दगड, विहीर, रस्त्याचं वळण. त्या जुळल्या की बाकीचा नकाशा आपोआप जागेवर येतो. शरीरात अडचण अशी, की एका चित्रातला दगड दुसऱ्यात दिसतच नाही. शिवाय इथलं शेत श्वास घेतं, कूस बदलतं, आणि दोन मोजण्यांच्या मधल्या दिवसांत त्याचा आकारही बदलतो.

यंत्रं मोजतात काय?

सीटी क्ष-किरण मोजतो. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी निघाला आणि १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. सीटीचं माप त्यांच्याच नावानं ओळखलं जातं: पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे १०००, चरबी साधारण उणे १००, आणि टणक हाड हजाराच्या आसपास किंवा वर. यंत्र नीट राखलेलं असेल तर हा आकडा बेळगावात आणि इंदुरात एकच अर्थ सांगतो.

एमआरआयचं तसं नाही. तो चुंबकाच्या जोरावर शरीरातल्या हायड्रोजनचा, म्हणजे मुख्यतः पाणी आणि चरबीतला, संदेश टिपतो. टणक हाडात असा हायड्रोजन कमी आणि त्याचा संदेश क्षणात विरतो, म्हणून हाड काळं. त्यात पुन्हा प्रकार. मेंदूभोवतीचं पाणी टी-वन प्रकारच्या चित्रात काळं दिसतं आणि टी-टूमध्ये पांढरं. आणि एमआरआयच्या आकड्यांना ठरलेलं मापच नाही. त्याच रुग्णाचा त्याच यंत्रावर आठवड्यानं पुन्हा एमआरआय काढला तरी आकडे वेगळे येऊ शकतात.

पेट स्कॅन तिसरीच गोष्ट मोजतो. (इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांसाठी: हा पोटाचा स्कॅन नव्हे.) किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात, आणि ती जास्त खाणाऱ्या पेशी, म्हणजे अनेक प्रकारच्या कॅन्सरच्या पेशी, चित्रात उजळतात. निरोगी मेंदूही साखर भरपूर खातो, त्यामुळे तोही उजळतो. हे चित्र धूसर असतं. काय चाललंय ते कळतं, पण नेमकं कुठं हे कळायला खाली सीटीचा नकाशा लागतो.

तेव्हा दोन चित्रांची वजाबाकी करून "फरक शून्य झाला की जुळलं" असं म्हणायची सोय इथं नाही. एकातलं पांढरं दुसऱ्यातलं काळं आहे, तिसऱ्यात ते दिसतच नाही. या कामातली खरी मेख हीच आहे.

सहा आकडे की पाच कोटी?

डोकं कवटीत बंद असतं, आतला भाग फारसा हलत नाही. त्यामुळे मेंदूच्या दोन स्कॅनसाठी बहुतेक वेळा सहा आकडे पुरतात: तीन दिशांना किती सरकवायचं आणि तीन अक्षांभोवती किती फिरवायचं. याला ताठ जुळणी म्हणता येईल. ताणणं आणि तिरकं करणं धरलं तर आकडे बारा होतात.

पोट, छाती, ओटीपोट इथं हे चालत नाही. यकृत श्वासासोबत वर-खाली होतं, मूत्राशय भरलेलं किंवा रिकामं असतं, प्रोस्टेट त्यानुसार दबतं. इथं चित्राच्या प्रत्येक कणाला आपापला बाण द्यावा लागतो: तू इतका डावीकडं, तू इतका खाली. स्कॅनच्या अशा घनाकृती कणाला व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक बाजूला २५६ व्हॉक्सेल असतील तर एकूण १ कोटी ६७ लाखांवर कण होतात, आणि प्रत्येकाचे तीन दिशांचे आकडे धरले तर पाच कोटींच्या वर. एवढ्या मोकळिकीत काहीही कशावरही बसवता येतं. म्हणून शेजारशेजारच्या बाणांनी फार वेगवेगळ्या दिशांना पळू नये, अशी अट घालावी लागते. ही अट सैल झाली की मांस स्वतःवरच दुमडलेलं दाखवणारी उत्तरं येतात, आणि चित्र वरवर बघितलं तर ती छान दिसतात.

दोन लिपींच्या पाट्या

डीप लर्निंगच्या आधी या क्षेत्रावर राज्य केलं ते एका सुंदर कल्पनेनं, आणि सीमाभागातल्या माणसाला ती समजावून सांगणं सोपं आहे.

ज्यांना कन्नड लिपी वाचता येत नाही, पण दोन लिपींतल्या पाट्या वर्षानुवर्षं डोळ्यांखालून गेल्या आहेत, त्यांना अनुभव असेल. मराठीत जिथं जिथं शेवटी 'पूर' येतं, तिथं तिथं कन्नड नावाच्या शेवटीही एक ठरावीक आकार येतो. दोन्ही आकार एकमेकांसारखे अजिबात नाहीत. पण जोडी ठरलेली आहे. (पाट्यांच्या वादात इथं शिरायचं कारण नाही.) आता कुणी सगळी कन्नड नावं एकेक गाव पुढं सरकवली, तर जोड्या विस्कटतील: 'पूर'समोर कधी हा आकार, कधी तो. म्हणजे लिपी न वाचताही पाट्या जागेवर आहेत की सरकल्या आहेत, हे नुसत्या जोड्या मोजून ओळखता येतं.

स्कॅनचं तसंच. प्रत्येक जागी सीटीचा आकडा आणि एमआरआयचा आकडा यांची जोडी लिहीत जायची. चित्रं नीट बसली असतील तर थोड्याच जोड्या पुन्हा पुन्हा येतात: हाडाचा आकडा आणि काळा, चरबीचा आकडा आणि उजळ. सरकली असतील तर जोड्या विखुरतात. या ठरलेपणाला आकड्यात मांडण्याचं गणित क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या माहिती-सिद्धांतातून येतं. त्याला म्युच्युअल इन्फर्मेशन म्हणतात, आपण परस्पर-माहिती म्हणू. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये पॉल व्हायोला आणि विल्यम वेल्स, आणि बेल्जियममध्ये लूव्हेन विद्यापीठातला गट, यांनी जवळपास एकाच वेळी ती स्कॅनच्या जुळणीसाठी वापरली. पुढची वीस वर्षं बहुतेक सॉफ्टवेअर याच पायावर उभी राहिली.

ती किती बरोबर चालते, हे तपासणारा एक प्रयोग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत प्रामाणिक वाटतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांच्या कवटीच्या हाडात खुणांचे खिळे बसवलेले होते. दोन्ही स्कॅनमध्ये ते दिसत, त्यामुळे खरी जुळणी कोणती हे माहीत होतं. संशोधकांनी चित्रांतून ते खिळे पुसून टाकले आणि चित्रं निरनिराळ्या गटांना पाठवली: तुमच्या पद्धतीनं बसवा आणि उत्तर कळवा. खरं उत्तर व्हँडरबिल्टकडेच राहिलं. १९९७ मध्ये निकाल छापून आला. त्याचं सार असं, की या पद्धती पुष्कळदा समाधानकारक बसतात, पण अधूनमधून मोठी चूक करतात, आणि ती पकडायला माणसानं डोळ्यांनी बघणं गरजेचं आहे. जवळजवळ तीस वर्षं झाली, हे वाक्य जुनं झालेलं नाही.

शिंप्याचं माप आणि शिंप्याची नजर

जुन्या पद्धतीत प्रत्येक जोडीसाठी शोध शून्यापासून सुरू होतो. थोडं सरकव, जोड्या मोज, आणखी थोडं सरकव. पहिल्या रुग्णाच्या जुळणीतून दुसऱ्यासाठी काहीच शिकलं जात नाही. दर गिऱ्हाइकाचं माप नव्यानं घेणाऱ्या शिंप्यासारखं हे काम. डीप लर्निंग म्हणजे हजार गिऱ्हाइकं बघून नजर तयार झालेला शिंपी: माणूस दारात आला की कापड कुठं कापायचं ते त्याला दिसतं.

ही नजर कशी तयार होते? दोन स्कॅन एका न्यूरल नेटवर्कला देतात. ते प्रत्येक व्हॉक्सेलसाठी एक बाण सुचवतं. बाणांप्रमाणे एक स्कॅन वाकवून दुसऱ्यावर ठेवतात आणि किती जुळलं ते मोजतात. गुण कमी पडले की नेटवर्कच्या आतली लाखो वजनं किंचित बदलतात, आणि पुढची जोडी. असं हजारो वेळा. यासाठी लागणारे दोन मोठे भाग २०१५ मध्ये आले. एक, जर्मनीतल्या फ्रायबर्ग विद्यापीठाची यू-नेट ही रचना. ती चित्राकडं लांबून आणि जवळून एकाच वेळी बघते. दुसरा, वाकवण्याच्या पायरीतून चूक उलटी मागं मोजत नेता येईल अशी गणिती जोडणी. यातली मजा अशी, की शिकवायला बरोबर उत्तरांची वही लागत नाही. बाण कुठं हवे होते हे कुणीच सांगत नाही. चांगलं जुळलं का आणि बाण शहाण्यासारखे वागले का, एवढंच बघितलं जातं.

या प्रकारातलं सर्वांत ओळखीचं नाव व्हॉक्सेलमॉर्फ. २०१८-१९ मध्ये एमआयटीतल्या आणि त्यांच्यासोबतच्या संशोधकांनी ते मांडलं. मेंदूच्या एमआरआयची जी जुळणी जुन्या नावाजलेल्या पद्धतीला साध्या प्रोसेसरवर सुमारे अडीच तास घेत होती, ती ग्राफिक्स कार्डावर अर्ध्या सेकंदात झाली, आणि अचूकता जवळपास तेवढीच राहिली. अचूकता वाढली नाही, याकडं लक्ष द्या. वाढला तो वेग. पण वेग ही काही किरकोळ गोष्ट नाही. रुग्ण ऑपरेशन टेबलवर असताना अडीच तास थांबता येत नाही, अर्धा सेकंद थांबता येतं.

इथं एक अडचण उरली. व्हॉक्सेलमॉर्फचे मूळ प्रयोग एमआरआयवर एमआरआय बसवण्याचे होते. सीटीवर एमआरआय, किंवा एमआरआयवर सोनोग्राफी बसवायची, तर "किती जुळलं" हे मोजायचं कसं, हा जुना प्रश्न पुन्हा दारात येतो. त्यावर माणसांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. कुणी परस्पर-माहितीच नेटवर्कच्या परीक्षकाच्या खुर्चीत बसवली. ती चालते, पण बारीक वाकवणुकीत डगमगते.

दुसरी वाट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या यिपेंग हू आणि सहकाऱ्यांची. विषय प्रोस्टेटचा. संशयास्पद जागा एमआरआयमध्ये दिसते, पण तुकडा काढायची सुई सोनोग्राफी बघत बघत घालतात. सोनोग्राफीत ती जागा नीट दिसत नाही, आणि आत घातलेल्या प्रोबनं प्रोस्टेट दबून त्याचा आकारही बदलतो. त्यांनी नेटवर्कला रंगांची तुलना करायलाच लावली नाही. तज्ज्ञांनी दोन्ही चित्रांत हातानं आखलेल्या ग्रंथीच्या कडा, छोट्या गाठी, खडे एकमेकांवर येतात का, यावरच गुण दिले. शिकून झाल्यावर नव्या रुग्णासाठी आखणी लागत नाही, नुसती दोन चित्रं पुरतात. २०१८ मध्ये छापलेल्या निकालात ७६ रुग्णांच्या १०८ जोड्यांवर मधली चूक ३.६ मिलिमीटर आली. हा आकडा चांगला की वाईट? लक्ष देण्याजोगी मानली जाणारी अर्धा मिलिलिटरची गाठ गोल धरली, तर तिचा व्यास जेमतेम एक सेंटिमीटर भरतो. मध्यावर नेम धरला आणि ३.६ मिलिमीटर चुकलं, तरी सुई गाठीतच राहते. पण 'मधली' चूक म्हणजे अर्ध्या वेळा चूक त्याहून मोठी होती. मग सुई गाठीच्या शेजारी जाऊ शकते आणि रिपोर्ट 'कॅन्सर नाही' असा येऊ शकतो.

तिसरी वाट ऐकायला विचित्र आहे. माल्टे हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये छापलेल्या सिंथमॉर्फ या पद्धतीत नेटवर्कला शिकवताना एकही खरा स्कॅन दाखवला नाही. संगणकानं कसेही डाग-आकार तयार करायचे, त्यांना कसेही करडे रंग द्यायचे, तोच आकार वाकवून वेगळ्याच रंगांत पुन्हा काढायचा, आणि सांगायचं: बसव. दर वेळी रंग बदलत असल्यामुळे रंगावर विसंबून चालत नाही, हे नेटवर्क शिकतं आणि आकारांकडं बघू लागतं. मेंदूच्या वेगवेगळ्या प्रकारच्या एमआरआयवर त्याची परीक्षा घेतली, तेव्हा खऱ्या स्कॅनवर शिकलेल्या पद्धतींसमोर ते कमी पडलं नाही. आपल्यासारख्या ठिकाणी याचं महत्त्व जास्त वाटतं. गाजलेले बहुतेक संग्रह अमेरिका-युरोपातल्या रुग्णांचे आणि पातळ स्लाइसच्या स्कॅनचे आहेत. तालुक्याच्या सेंटरवरचा कमी ताकदीचा चुंबक, पाच मिलिमीटर जाडीच्या स्लाइस, घाईत काढलेला स्कॅन, हे त्या शिंप्यानं न पाहिलेलं गिऱ्हाईक. तिथं त्याची नजर चुकते, आणि चुकली आहे हे तो सांगत नाही.

भाषांतरात गाठ हरवली

आणखी एक वाट मुद्दाम वेगळी ठेवली, कारण ती सर्वांत मोहक आणि सर्वांत धोक्याची आहे. एमआरआयचं आधी 'सीटीत भाषांतर' करायचं, म्हणजे एमआरआय बघून हा सीटी असता तर कसा दिसला असता याचं चित्र संगणकाकडून काढून घ्यायचं, आणि मग सीटीवर सीटी बसवायचा. २०१७ मध्ये आलेल्या सायकलगॅन या तंत्रामुळे ही भाषांतरं फार हुबेहूब होऊ लागली.

माँट्रियालमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की भाषांतर करणारा आपल्या पदरचं घालू शकतो. त्यांनी दोन प्रकारच्या एमआरआयमध्ये भाषांतर शिकवलं, पण शिकवणीत गाठ असलेल्या आणि नसलेल्या चित्रांचं प्रमाण मुद्दाम बिघडवलं. समोरच्या बाजूला निरोगी चित्रंच दाखवली, तर रुग्णाची गाठ भाषांतरात गायब झाली. उलट केलं, तर निरोगी मेंदूत गाठ उगवली. चित्रं दोन्ही वेळा खरी वाटावीत अशीच होती. जुळणीपुरतं असं चित्र मध्ये वापरून नंतर फेकून दिलं तर धोका कमी होतो. पण ते निदानासाठी कुणाच्या पडद्यावर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

निरुपयोगी पद्धतीला पैकीच्या पैकी

जुळणी चांगली झाली हे ठरवायचं कशावरून? शोधनिबंधांत दोन मापं नेहमी दिसतात: चित्रं किती सारखी दिसतात, आणि मेंदूचे भाग एकमेकांवर किती टक्के येतात. २०१२ मध्ये टॉर्स्टन रोल्फिंग या संशोधकानं यांची खोडच काढली. त्यानं एक पद्धत बनवली आणि तिचं नावच 'पूर्णपणे निरुपयोगी जुळणी साधन' अशा अर्थाचं ठेवलं. ती शरीररचनेकडं बघतच नव्हती. एका चित्रातले सगळे ठिपके उजळपणाच्या क्रमानं लावायचे, दुसऱ्यातलेही तसेच लावायचे, आणि क्रमांकाला क्रमांक जोडून टाकायचा. कानाशेजारचा ठिपका कपाळात गेला तरी हरकत नाही. या पद्धतीला नेहमीच्या मापांवर उत्तम गुण पडले. तेव्हा "आमच्या एआयची अचूकता इतके टक्के" अशी जाहिरात दिसली, तर ती कोणत्या मापानं मोजली हे विचारावं.

खरं माप एकच: आपल्याला हवी असलेली जागा, म्हणजे गाठ किंवा नस, दुसऱ्या स्कॅनमध्ये खऱ्या जागेपासून किती मिलिमीटर चुकली. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये रेडिएशन उपचारांसाठी जुळणीचे जे निकष छापले, त्यात ही चूक एका व्हॉक्सेलच्या सर्वांत लांब बाजूपेक्षा, म्हणजे साधारण दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी अशी अपेक्षा आहे, आणि प्रत्यक्ष डोळ्यांनी बघण्यावरही भर आहे. हे बघण्याची रीत साधी. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन करतात, एक चौकोन सीटीचा, शेजारचा एमआरआयचा. कवटीची रेघ चौकोनाच्या कडेवर तुटली, तर जुळणी चुकली.

काही ठिकाणी तर बरोबर उत्तरच अस्तित्वात नसतं. केमो घेतल्यावर गाठ आक्रसली, तर आधीच्या स्कॅनमधल्या गाठीच्या कडेला आताच्या स्कॅनमध्ये जोडीदारच नाही. वाकवणारं सॉफ्टवेअर नवी गाठ ताणून जुन्यावर नीट बसवतं आणि औषधाचा परिणामच चित्रातून पुसून टाकतं. मेंदूच्या शस्त्रक्रियेत कवटी उघडली की आतला द्रव वाहतो, मेंदू खाली बसतो, कधी सेंटिमीटरभरही. आदल्या दिवशीचा एमआरआय मग शिळा होतो. म्हणून टेबलावरच सोनोग्राफी करून त्यावर एमआरआय पुन्हा बसवण्याचे प्रयत्न चालू आहेत. नॉर्वेतल्या २३ रुग्णांचे असे स्कॅन २०१७ मध्ये संशोधकांसाठी खुले झाले आणि २०१८ मध्ये त्यावर स्पर्धाही झाली. २३ हा आकडा लहान वाटेल, पण अशी माहिती गोळा करणं किती अवघड असतं ते त्यावरून कळतं.

एकाच टेबलावर दोन्ही स्कॅन काढणारं पेट-सीटी यंत्र आल्यावर प्रश्न मिटेल असं वाटलं होतं. बराच मिटलाही. पण सीटी काही सेकंदांत संपतो आणि पेट कित्येक मिनिटं श्वास चालू असताना चालतो. त्यामुळे यकृताच्या माथ्यावरची गाठ कधी कधी फुफ्फुसाच्या तळाशी असल्यासारखी दिसते. अनुभवी डॉक्टर हे ओळखतात.

राज्य ओलांडणाऱ्या रुग्णासाठी

आपल्या भागातल्या रुग्णाचे स्कॅन क्वचितच एका जागी निघतात. सीटी बेळगावात, पुढचा सल्ला मिरज-कोल्हापूरला, पेट आणि उपचार मुंबई-पुण्यात. गोव्यातून आणि इंदूर-वडोदऱ्याहूनही अशीच ये-जा चालते. तेव्हा दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात.

स्कॅनची मूळ फाइल डायकॉम नावाच्या प्रकारात असते. सेंटरवाल्यांकडं तीच मागावी, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर. त्या फाइलमध्ये नुसतं चित्र नसतं. एका ठिपक्याची लांबी-रुंदी किती मिलिमीटर, स्लाइस किती जाड, रुग्ण उताणा होता की पालथा, डावं-उजवं कुठलं, हे सगळं नोंदलेलं असतं. जुळणी याच नोंदींवरून सुरू होते. फिल्म खिडकीला धरून काढलेला आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो तोंडी सल्ल्यापुरता ठीक, जुळणीसाठी तो निकामी. नावाचं इंग्रजी स्पेलिंग आणि जन्मतारीख प्रत्येक ठिकाणी एकच द्यावी. एकाच पाटलांचे तीन स्पेलिंगचे तीन स्कॅन झाले, की आधी माणूस जुळवण्यातच वेळ जातो.

आणि एक नेहमीची तक्रार: "गेल्या महिन्यातच सीटी काढला, आता रेडिएशनवाले पुन्हा काढायला सांगतात, पैसे उकळतात." बहुतेक वेळा तसं नसतं. निदानाच्या सीटीचं टेबल पाळण्यासारखं खोलगट असतं, उपचाराच्या यंत्राचं सपाट. खोलगट टेबलावर पाठ आणि आतले अवयव वेगळे बसतात. म्हणून उपचाराचा सीटी सपाट फळीवर, डोक्या-मानेचा आजार असेल तर चेहऱ्यावर जाळीचा मास्क लावून, पुढं रोज ज्या स्थितीत झोपायचं आहे अगदी त्याच स्थितीत काढतात. जुना एमआरआय आणि पेट मग या नव्या सीटीवर बसवतात. म्हणून नवा सीटी निघाला तरी जुन्या सीडी टाकू नयेत, सोबत न्याव्यात.